चुगलखोर घड्याळ

बायांनो, आज माझं डोकं फिरलंय.

सकाळपासून अंगणात बसून मी बोंबील सुकवायची तयारी करत होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, मग जोडी दोरीवर टाकायची. तेवढ्यात एव्हरशाईनमधल्या त्याच्या फ्लॅटवरून लेकाचा फोन. त्यानेच माझ्या मनगटावर बांधलेलं स्मार्टवॉच त्याच्या मोबाईलवर चुगल्या करतं.

"आई, तू सकाळपासून हललीच नाहीस. झेपत नाही तर मासळीचं काम बंद कर."

"मेल्या, मग ह्या टोपलीभर जोड्या कोनी लावल्या? तुझ्या घड्याळानं?"

"अगं, ते पावलं मोजतं."

घड्याळ काढून डब्यात टाकलंय. रविवारी येऊन घेऊन जा म्हटलं.

राबणारे हात ज्याला दिसत नाहीत, ते हातावर बांधून मी काय करू? तुम्हीच सांगा.