मानेच्या मापाची रायफल

दहा मीटर म्हटलं की आमच्या शिक्षकखोलीत हसू पिकतं. "सर, एवढ्यावरून तर मी पोराला खडू मारतो, चुकत नाही," असं आमचे गणिताचे सर म्हणतात आणि बाकीचे चहाचा घोट घशात अडकेपर्यंत हसतात. मी पूर्वी चिडायचो. आताही चिडतो, पण उत्तर तयार ठेवलंय. कागदावरचा दहा गुणांचा ठिपका बॉलपेनच्या टिंबाएवढा असतो. चार-साडेचार किलोची रायफल धरून, उभ्यानं, साठ वेळा त्या टिंबाला छर्रा लावून दाखवा, मग बोला.

मी पिंगळीच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि परभणीत राहतो. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मला हा नाद लागला. शहराच्या कडेला जिनिंगचं एक जुनं गोदाम आहे, तिथं निवृत्त फौजी असलेल्या एका गृहस्थांनी नेमबाजीचा क्लब काढला. मी सहज बघायला गेलो आणि तिथंच अडकलो. वर्षभरानं स्वतःची रायफल घेतली. हवेच्या दाबावर चालणारी, कारखान्यातून आली तशी, कोरी करकरीत. पहिले दोन महिने तिला नुसतं पुसण्यापलीकडे हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

पण विज्ञानाचा मास्तर किती दिवस गप्प बसणार? डाव्या बाजूला छर्रे का जातात, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला आणि घरातली शांतता गेली. मी एक वही केली. नियम एकच होता, पोरांना प्रयोगशाळेत सांगतो तोच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एकाच कंपनीच्या दोन डब्यांतले छर्रे वेगवेगळे मारून पाहिले, तर एका डब्याचे नेम पावलीएवढ्या जागेत बसले आणि दुसऱ्याचे बशीभर पसरले. का? अजून माहीत नाही. चाप थोडा हलका केला, तर नेम आधी बिघडला आणि पंधरा दिवसांनी सुधारला. म्हणजे चाप बदलला एका दिवसात आणि बोट बदलायला पंधरवडा लागला. हे कळलं त्या दिवशी मी जेवताना एकटाच हसत होतो.

मग नळीचं टोक फार हलकं आहे, ते वाऱ्यावरच्या फांदीसारखं डोलतं, असं लक्षात आलं. तिथं थोडं वजन हवं होतं. माझी बायको घरी ब्लाऊज शिवते. तिच्या मशीनचे लोखंडी बॉबिन मी चिकटपट्टीनं नळीखाली बांधले. दोन बॉबिननं फरक पडेना, चारनं पडला, सहानं खांदा भरून आला. चार ठेवले. तिसऱ्या दिवशी तिनं मशीनचं झाकण आपटलं.

"माझे बॉबिन कुठं गेले वो?"

मी रायफल दाखवली. तिनं नळीखालचे बॉबिन बोटानं मोजले.

"लय झालं आता तुमचं," ती म्हणाली. "उद्या माझी कात्री बी लावताल तिला." पण दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून स्वतःसाठी नवे चार आणले आणि जुने परत मागितले नाहीत.

इथवर सगळं मजेत होतं. मग एके दिवशी सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या हातातून खडू पडला. बोटांना मुंग्या आल्या होत्या आणि खडू हातात आहे की नाही तेच कळत नव्हतं. डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला. मणक्यांची झीज होती. दिवसातून किती वेळ मान वाकवता, असं त्यांनी विचारलं. मी तपासलेल्या वह्यांबद्दल बोलायला लागलो, तेवढ्यात बायकोनं मध्येच सांगून टाकलं, "रायफलीवर वाकवतेत. रोज. दीड-दीड तास."

घरी आल्यावर म्हणाली, "बास करा. क्लबला देऊन टाका ती." मला राग आला. तिचं म्हणणं चूक नव्हतं म्हणून जास्तच आला. तिच्या डोळ्यांत भीती होती आणि ती मला बघवत नव्हती.

क्लबच्या फौजी सरांनी मात्र वेगळंच सांगितलं. "मान वाकवता म्हणजे तुम्ही रायफलीकडे जाता. रायफल तुमच्याकडे यायला पाहिजे." रायफलीच्या मागच्या लाकडी भागाला दस्ता म्हणतात. त्याचं टोक खांद्याला टेकतं आणि गाल त्याच्या वरच्या कडेवर. हा दस्ता करणाऱ्यानं कुणातरी उंच, लांब मानेच्या माणसाचा विचार केलेला होता. माझी मान आखूड आणि जाड. त्यामुळे मी रोज साठ वेळा त्या न पाहिलेल्या माणसाच्या मापात स्वतःला कोंबत होतो. हे कळल्यावर मला मानेचं दुखणं विसरून एवढी उत्सुकता वाटली, की मी लगेच वही उघडली. गाल टेकायची जागा वर उचलायची. मग नेम धरताना ज्यांतून बघतात ती नळीवरची भोकंही तेवढीच वर न्यायची. दस्ता मागून थोडा आखूड करायचा. मान सरळच राहिली पाहिजे.

बायकोशी करार झाला. दस्ता बदलून बघायचा. जुलैत नांदेडला विभागीय स्पर्धा होती. तिथं साठ नेम मारून मान दुखली नाही तर रायफल राहील. दुखली, तर दुसऱ्या दिवशी क्लबला देऊन टाकायची आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. गुण कितीही पडोत, सगळं मानेवर ठरणार होतं.

करार झाला आणि तीच कामाला लागली. मी फूटपट्टी घेऊन आरशासमोर उभा होतो, ते बघून तिला राहवलं नाही.

"असं कुठं माप असतंय का? तुमी मापाकडं बघायलाव म्हणून ताठ व्हायलाव. डोळे मिटा. आता उचला. आता उघडा."

डोळे उघडले की मी भोकातून बघत असायला हवा, पण माझ्या डोळ्यासमोर नुसतं लाकूड असायचं. ती जुन्या साडीच्या घड्या आणि पुठ्ठ्याचे तुकडे दस्त्यावर ठेवायची, दोऱ्यानं बांधायची आणि पुन्हा डोळे मिटायला लावायची. मे महिना होता. पंखा गरम हवा फेकत होता आणि मी बनियनवर उभा होतो. आठ दिवस रोज दुपारी हा कार्यक्रम चालला. बायका ब्लाऊज टाकायला यायच्या आणि दारातच थबकायच्या. एका बाईनं तर विचारलं, "सरांचं काय शिवायलाव?"

आठव्या दिवशी डोळे उघडले आणि समोर थेट भोक, त्यातून थेट ठिपका. मान सरळ. मी ओरडलोच. तिनं तोंडातली टाचणी काढली, दस्त्यावर खडूनं खुणा केल्या आणि म्हणाली, "ब्लाऊज बसलं तर असं बसलं पायजे. अंगाबरोबर. चिमटीत कापड यायला नको."

तिचं माहेर पालमचं. तिथले एक म्हातारे मिस्त्री औतं, तिफणी घडवतात. दस्ता रायफलीपासून सोडवून, साडीत गुंडाळून आम्ही एसटीनं पालमला गेलो. मिस्त्रींनी दस्ता उलटासुलटा करून पाहिला आणि लाकडाला नाक लावलं.

"लाकूड झ्याक हाय. कोणाच्या मापाचं केलंय पण?"

"कोणाच्याच न्हाई काका," बायको म्हणाली. "आता यांच्या मापाचं करायचंय."

"मग बरोबर हाय. औताचं रुमणं, धरायची मूठ बी ज्याच्या त्याच्या कमरंपरमानं लागतंय. पाव्हणे, तुमी सावलीत बसा. गावच्या जावयाला उनात हुबं केलं तर लोक मला नावं ठिवतील."

म्हणून माझ्या रायफलीचा दस्ता कापला जात असताना मी कडुलिंबाखाली खाटेवर बसून लिंबूपाणी पीत होतो. मिस्त्रींनी करवत खडूच्या रेघेवर ठेवली आणि थांबले. "जरा राखून कापू का गं? लाकूड हाय, तुटलं की तुटलं."

"राखू नका. रेघंवर कापा."

करवतीचा पहिला आवाज आला तेव्हा मी पेला खाली ठेवून खाटेवरून उठलो. दोन बोटं रुंदीचा तुकडा खाली पडला. मग त्यांनी सागवानाची एक फळी घासून घासून गालासाठी उंचवटा केला, बायकोनं पुठ्ठ्याचा साचा लावून तो तीनदा परत करवला. परभणीला बसस्थानकाजवळच्या लेथवाल्यानं भोकांखाली बसवायचे दोन ठोकळे कातून दिले. आठवड्यात माझी रायफल जोडून तयार झाली. फोटोत बघितली तर कुबड आलेल्या बगळ्यासारखी दिसायची. मला ती फार आवडली.

मे-जूनमध्ये फौजी सर गावाकडे होते. पत्र्याच्या गोदामात आम्ही चार-पाच जण सकाळी बनियनवर नेम मारायचो. माझ्या वहीत एकेक पान भरत गेलं. नेम पावलीच्या आत. मान ठीक. बोटं ठीक. पुन्हा मान ठीक. जूनच्या शेवटच्या पानावर मी 'सिद्ध झाले' असं लिहून खाली रेघ मारली, प्रमेय सुटल्यावर मारतात तशी.

नांदेडच्या स्पर्धेचा हॉल गारेगार होता. सगळ्यांसारखा मीही नेमबाजीचा कोट चढवला, कॅनव्हास आणि चामड्याचा, जाडजूड, अंग स्थिर राहावं म्हणून घालतात तो. परभणीत होळी झाली की तो खिळ्याला टांगला जातो आणि दिवाळीलाच खाली येतो. बायको मागच्या खुर्च्यांवर बसली होती. पहिल्याच सरावाच्या नेमाला भोक लांब वाटलं. घाबरलो असेन, म्हणून मी मान थोडी पुढे नेली. विसाव्या नेमापर्यंत मान जड झाली. पस्तिसाव्याला ठणका लागला. पन्नासाव्याला उजव्या बोटांना मुंग्या आल्या आणि चाप हाताला लागतोय की नाही ते कळेना. साठ पूर्ण केले. गुण फार वाईट नव्हते, पण ते बघायची इच्छाच राहिली नाही. रायफल पेटीत ठेवताना मला रडू आलं. पंचेचाळिशीचा माणूस, अनोळखी पोरांच्या मध्ये, पेटीवर वाकून रडत होतो आणि वाकल्यामुळे मान आणखी दुखत होती.

दुपारच्या पॅसेंजरला जागा मिळाली. गाडी सुटल्यावर मी तिला सांगून टाकलं. "मान दुखली. मुंग्याही आल्या. ठरलं तसं करू. उद्या क्लबला देऊन येतो."

ती काही बोलली नाही. कोट तिच्या मांडीवर होता. पूर्णा आलं, गाडी बराच वेळ थांबली, सुटली, तरी ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, तिला सुटल्यासारखं वाटत असेल आणि माझ्यासमोर ते दाखवायला नको म्हणून ती गप्प आहे. मला तिचा रागही आला नाही. माझी मानच नालायक निघाली होती, त्याला ती काय करणार?

पिंगळीला क्रॉसिंगसाठी गाडी थांबली. माझी शाळा फलाटावरून दिसते, मी तिकडे बघत होतो. तेव्हा तिनं कोटाचा खांदा दोन बोटांच्या चिमटीत धरून माझ्यापुढे केला.

"हे बघा किती जाड हाय."

मी बघितलं. मला काही कळलं नाही.

"मी तुमचं माप बनियनवर घेतलं," ती म्हणाली. "उगी अंगाबरोबर, अंगाबरोबर करत बसले. ब्लाऊजच्या वर कोण कोट घालतंय? माझ्या डोक्यातच आलं न्हाई. तुमी पहिल्यांदा रायफल खांद्याला लावली तवाच मला मागून दिसलं. लांब व्हायलाय म्हणून तुमी मान पुढं काढायलाव. मान न्हाई चुकली. माप चुकलं माझं. अजून बोटभर कापलं की बसंल."

मी कोट हातात घेतला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणून वही भरणाऱ्या मास्तरानं ऐन स्पर्धेत दुसरी गोष्ट अंगावर चढवली होती आणि त्याला पत्ताही नव्हता. मला स्वतःची लाज वाटली. मग एक वेगळंच लक्षात आलं. हे मला आयुष्यात कधी कळलं नसतं. मी उद्या रायफल देऊन आलो असतो, आणि डॉक्टरांकडून आलो त्या दिवसापासून तिला तेच हवं होतं.

"तू बोलली नसतीस तर?" मी विचारलं.

समोरून मालगाडी धडधडत गेली. ती जाईपर्यंत बायको थांबली. तिचे डोळे भरले होते आणि त्यात तीच जुनी भीती होती, तसूभरही कमी झालेली नव्हती.

"न्हाई बोलायचं म्हणूनच बसले व्हते," ती म्हणाली. "पूर्णा सुटल्यापास्नं तेच करून बघायले. जमंना."