वाघ बकरी खाईना

“शकूला बसवा जावयासमोर. तिच्याशी हरायचं म्हटलं तरी माणसाला जमायचं न्हाई.”

माझ्या बुद्धीबद्दलचं हे मत माझ्या सख्ख्या वडिलांचं होतं. बाबा हिंगोलीच्या कचेरीत वकिली करत, त्यामुळे त्यांचं मत सहसा फिरत नसे. ओसरीवर बसून ते शेजारच्या रहीमचाचांना हे सांगत होते, आणि मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन दाराआड उभी होते.

“बराबर है, वकीलसाब,” रहीमचाचा म्हणाले. “दामाद पहिल्यांदा घर आया है. जीतना तो उसीकोच मंगता.”

दामाद म्हणजे आमचे दाजी, आक्काचे यजमान. लग्नाला चार महिने झाले होते, आणि डोंगरकडा गावाहून ते पहिल्यांदाच सासरी मुक्कामाला आले होते. सोयरीक जुळवताना त्यांच्या घरच्यांनी छाती फुगवून सांगितलं होतं की, वाघबकरीच्या खेळात आमच्या पोराला साऱ्या पंचक्रोशीत कोणी हरवलेलं नाही. बाबांनी तेवढ्यावर मुलगी दिली असं मी म्हणत नाही. (आई म्हणायची.)

माझ्या काळजीचं कारण वेगळंच होतं. मला मॅट्रिकसाठी हैदराबादच्या इंग्रजी शाळेत परत पाठवायचं की घरी बसवायचं, हे बाबा जावयाला विचारून ठरवणार होते. खेळ संपला की लगेच! मला विचारावं असं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. (माझ्याही आलं नव्हतं.) शाळेच्या बोर्डिंगात मराठी बोलायला बंदी होती आणि घरी इंग्रजी कोणाला कळत नसे (बाबांची कचेरीसुद्धा उर्दूत चालायची), त्यामुळे दोन्हीकडे गप्प बसायची मला उत्तम सवय लागली होती.

पण शाळा मला हवी होती. तेव्हा मी मनाशी ठरवलं: हरायचं. झकास हरायचं! दाजी खूश होतील, हो म्हणतील, आणि मी हैदराबादच्या गाडीत बसेन.

आईने पाटावर खडूने रेघा ओढल्या. तीन हळकुंडं म्हणजे दाजींचे वाघ, पंधरा चिंचोके म्हणजे माझ्या बकऱ्या. मला खेळ नवा म्हणून रहीमचाचांनी समजावून दिला. “बकरीच्या मागची जागा खाली असली, की वाघ उडी मारून तिला खाता. आणि वाघाला हलायलाच जागा न्हाई राहिली, तो बकरी जीती. लेकरं बी खेलते, बेटी!”

मी पहिलाच चिंचोका वाघाच्या थेट नाकासमोर ठेवला. मागची जागा मोकळी! दाजींनी बराच विचार केला, मिशीवरून हात फिरवला आणि दुसराच वाघ भलतीकडे सरकवला.

मला धक्काच बसला. एवढी धडधडीत बकरी दिसली नाही?

मी दुसरी ठेवली. वाघाने पाठ फिरवली. तिसरी ठेवली. वाघ चक्क एक घर मागे गेला!

“अरे मियाँ, बकरी खुद चलके आई है!” रहीमचाचा ओरडले.

“जावईबापू,” आईने विचारलं, “आज वाघाचा उपास हाय का काय?”

दाजी नुसतेच हसले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. बाबा खाकरले. विरुद्ध पक्षाचा साक्षीदार बरळायला लागला की ते कचेरीत असेच खाकरत असत. आक्का दारात उभी राहून दाजींकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर (हे मला फार नंतर उमगलं) भलतंच समाधान होतं.

मी मात्र घाबरून गेले. आता बकऱ्या एकेक नव्हे, रांगेने द्यायला लागले. एकीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी. खा बाबा, कुठलीही खा! दाजींचे वाघ मागे मागे सरत वरच्या कोपऱ्यात जाऊन बसले. मी पंधरावा चिंचोका ठेवला.

आणि रहीमचाचांनी कपाळाला हात लावला. “या अल्ला! वाघ बंद!”

मी पाटाकडे बघितलं. रांगा लावण्याच्या नादात बकऱ्यांमागच्या जागा मीच भरून टाकल्या होत्या! वाघांना ना हलायला वाट होती, ना उडी मारायला जागा. मी जिंकले होते! माझं हैदराबाद गेलं होतं!

पण दाजी उठले ते टाळ्या वाजवतच. “मामा, काय डोकं हाय शकूचं! हिला हैदराबादला धाडाच!” असं म्हणून ते तोंडातलं पान थुंकायला अंगणात गेले.

मला दुसऱ्यांदा धक्का बसला. हरूनही हो म्हणाले!

बाबा मात्र रहीमचाचांकडे वाकून हळूच म्हणाले, “ज्याला पाटावरची बकरी दिसत न्हाई, त्याचा सल्ला कोण मानतो? शकू घरीच ऱ्हाईल. आन् मला आता आक्काचीच काळजी वाटून राहिली.”

आक्का उसळून ओसरीवर आली. “बाबा! ते मुद्दाम हरले! मीच सांगितलं व्हतं त्यांना, शकूला जिंकू द्या, म्हंजी तुमाला तिचं डोकं कळंल!”

माझ्या हातातला तांब्या पाटावर पडला. (तो मी खेळभर मांडीत धरून बसले होते!) ओसरीभर पाणी झालं, खडूच्या रेघा पुसल्या, चिंचोके घरंगळले. बाबांनी पाय वर घेतले, पण उलटतपासणी सोडली नाही.

“म्हंजी ही जिंकली ती जावयाच्या मेहरबानीनं. मंग हिला डोकं हाय याचा सबूत काय?”

सबूत काहीच नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दाजीही अंगणातून येऊन खांबाला टेकले. मी जमिनीकडे बघत कसंबसं म्हणाले, “बाबा, मीबी हरायलाच बसले व्हते.”

दाजींनी आ वासला. रहीमचाचांनी टोपी काढून पुन्हा घातली.

“हरायला बसली व्हतीस,” बाबा एकेक शब्द तोलत म्हणाले, “तर हरली काहून न्हाई?”

मग मी मान वर केली आणि त्या घरात पहिल्यांदाच मोठ्यांदा बोलले:

“जमलं न्हाई, बाबा! लेकरांच्या खेळात मला नुसतं हरायलाबी येत न्हाई. अजून लई शिकायचं राहिलंय माझं. धाडा हैदराबादला!”