पाळीचं वचन

शेजारच्या सुशीलाबाई आणि त्यांचे यजमान, सगळे त्यांना मास्तर म्हणतात, रोज सकाळी चहाआधी ओसरीवर बायबल वाचतात. एक ओळ बाईंनी, पुढची मास्तरांनी, ही पाळी लग्नापासूनची. अशा ओळीला ते ‘वचन’ म्हणतात. मला वचन म्हणजे कुणीतरी दिलेला शब्द, एवढंच ठाऊक होतं. तो रोज वाचायचाही असतो, हे त्यांच्याकडे बघून कळलं.

मध्यंतरी अर्धांगवायूनं मास्तरांची वाचा गेली. आता बाई एकट्याच वाचतील, असं मी धरून चालले होते. पण आज फुलं तोडताना कुंपणापलीकडे पाहिलं, तर पाळी तशीच चालू होती. बाई आपलं वचन मोठ्यानं वाचून गप्प होत. मग मास्तरांच्या डाव्या हाताचं बोट पुढच्या ओळीखालून सावकाश सरकत जाई. ते शेवटाला पोचलं, की बाई पुढचं वचन घेत. त्या शांततेतही वाचन होत होतं. परडी हातात धरून मी नुसती उभी राहिले.

एका शब्दाखाली बोट मध्येच थांबलं.

“दमले का हो मास्तर?” मी हलकेच विचारलं.

“नाही,” बाई पानावरची नजर न काढता म्हणाल्या. “इथं ते पहिल्यापासूनच थांबतात.”

कुंपणावरून मला तो शब्द दिसला नाही. मास्तरांचे स्वतःचे सगळे शब्द गेले होते. हा एक मात्र बोटाखाली जागच्या जागी होता.