लिफ्टचं कार्ड

बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत लिफ्ट तपासायला कंपनीचे मेकॅनिक दर महिन्याला येतात. मी सेक्रेटरी, राहायला सातव्या मजल्यावर. ते जिन्याने चढून येतात आणि धापा टाकत कार्ड पुढे करतात. "सगळं ओके आहे साहेब, ओके. सही करा." खांद्यावरच्या फडक्याला ग्रीसचा डाग मी कधी पाहिला नाही.

करारात लिहिलंय, कंपनी योग्य ती काळजी घेईल. काळजी म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेलं नाही. पुरावा म्हणून कार्डावर दोन सह्या लागतात, त्यांची आणि माझी.

एकदा विचारलं, "अहो, लिफ्टने का येत नाही?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

मी मूर्ख, मला कौतुक वाटलं.

मार्चमध्ये लिफ्ट दोन मजले खाली कोसळली. आत पाचव्या मजल्यावरच्या काकू होत्या. त्या अजून अंथरुणाला खिळून आहेत. कंपनीचं उत्तर आलं, योग्य ती काळजी घेतली होती. सोबत कार्डाची झेरॉक्स.

लिफ्ट दुरुस्त झाली. परवा ते पुन्हा वर आले.

"काकू कशा आहेत?"

"तशाच."

त्यांनी मान खाली घालून कार्ड पुढे केलं. सही नसेल तर लिफ्ट बंद ठेवावी लागते, आणि वर सगळी म्हातारी माणसं. मी सही केली. मग भाजीची पिशवी घेतली आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरलो.