डोळे बांधून चढ

“फडकं बांध डोळ्याला. मग चढ.”

निलंग्याजवळच्या आमच्या गावचे पाटील असं म्हणाले, तेव्हा मला चेष्टाच वाटली. वाळलेल्या कडुलिंबाची फांदी त्यांच्या घराच्या माळवदावर, मातीच्या छतावर आली होती. ती उतरवायला त्यांनीच मला बोलावलं होतं. लातूर नवा जिल्हा झालेला, रस्ते रुंद होत होते, झाडं पडत होती. ठेकेदाराचं पेट्रोलवरचं करवतीचं मशीन वर नेऊन चालवणारा मी एकटाच. पावसाचा मात्र दोन सालं पत्ता नव्हता.

“मालक, डोळे बांधून मशीन कसं चालवावं?”

“वरून आमचं अंगण दिसतंय. बायका असतेत. तुमच्यासारख्यानं आमच्या बायका बघाव्या का?”

गड्यानं फडकं लांबून फेकलं. मला शिवणार कोण? माझे डोळे मीच बांधले. मला दिसतंय का बघायला पाटलांनी काठीचं टोक नाकाला टेकवलं. गडी हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आजही किळस येते.

झाड हाताला कळतं. चढलो. कमरेचा दोर खोडाला बांधला, मशीन दोरीनं वर ओढलं. फांदी चाचपून घेतली आणि मशीन चालू केलं. अर्ध्यावर साखळी गाठीत अडकून उसळली. मांडीला आधी गरम लागलं. मग ओलं.

मशीन बंद केलं. फडकं ओढून काढलं. मांस उघडं पडलं होतं.

खालून पाटील ओरडले, “फडकं बांध आधी!”

रक्त त्यांना दिसत होतं. तरी फडकं आधी. म्हणून मी अंगणात बघितलं.

एकही बाई नव्हती. विहीर होती. दुष्काळात सरकारनं गावासाठी ताब्यात घेऊ नये म्हणून पाटलांनी ती आटली असं तहसीलला लिहून दिलं होतं. वर पत्रे टाकलेले, एक सरकलेला. आत पाणी. पायऱ्या बुडवून बसलेलं. बायकांचं नुसतं निमित्त.

आणि माझी म्हातारी आई रोज कोरड्या नाल्यात उकरलेल्या झिऱ्यावर वाटीवाटीनं घागर भरत होती. मागच्याच आठवड्यात तिथं चक्कर येऊन पडली होती.

त्याच फडक्यानं मांडी आवळली आणि बोंब मारली, “विहिरीत पाणी हाय! पायऱ्या बुडाल्यात!”

गावभर ऐकू गेलं.

“उतर खाली, जित्ता ठिवत न्हाई.”

उतरलो. पाटलांनी काठी जखमेवरच घातली. दोनदा.

बोंब तहसीलपर्यंत पोचली. चार दिवसांनी तिथला माणूस आला. विहीर गावाला खुली झाली. गाव म्हणजे आमची वस्ती सोडून. आमच्या बायकांनी लांब उभं राहायचं, गड्याला वाटलं तर तो वरून ओतणार. पहिल्याच दिवशी मी आईबरोबर विहिरीवर गेलो, तेव्हा पाटील तिला म्हणाले, “तुझ्या पोरानं पाणी बघितलंय ना? बघूनच तहान भागवा.”

आई खाली मान घालून उभी. मला पाटलांपेक्षा तिचा राग आला. तिच्या हातातली घागर मी हिसकावून घेतली.

“कुठं निघालास रं?” पाटील.

“पाण्यात.”

लंगडत एकेक पायरी उतरलो. वर काठ्या घेऊन गडी जमले. कमरेभर पाण्यात उभा राहिलो, जखम झोंबत होती. तिथंच ठरवलं. मारतील तितके दिवस मार खाईन, पण वरून ओतलेलं पाणी माझ्या घरात कुणी पिणार नाही. आणि उद्या या पायऱ्यांवर माझ्यापुढं आई चालेल.