विहीणबाईंच्या हातातली बाग

तायडेकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी गादी होतो. अंगात थर्मल, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर पहिल्या स्वेटरवर विश्वास नसलेल्या माणसाने घालावा तसा दुसरा स्वेटर, आणि या सगळ्यावर पिसं भरलेलं एक जॅकेट, ज्याच्यासाठी बदकांच्या तीन पिढ्या कामी आल्या असाव्यात. टोरांटोच्या नॉर्थ यॉर्कमधला डिसेंबर. बाहेर उणे अठरा, आणि वाऱ्यासकट धरलं तर आकडा सांगायलाही तोंड उघडू नये असं. घरातलं दूध संपलं होतं. मी ग्रोसरीला निघालो तेव्हा बायकोने मला असा निरोप दिला, की माझा पुतळा कुठे उभारायचा हे तिने मनात ठरवलंय अशी माझी खात्री झाली.

आमच्या नवव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं, आणि आत उन्हाळा उभा होता. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची खाकी पँट, रुंद काठाची टोपी, काळा चष्मा, खांद्याला पाण्याची बाटली. अंगाला सनस्क्रीनचा वास. मी झटपट तीन शक्यता मोजल्या. एक, थंडी माझ्या डोक्यात गेली. दोन, आमच्या इमारतीत वरच्या मजल्यांवर वेगळा ऋतू असतो आणि म्हणूनच तिथले फ्लॅट महाग आहेत. तीन, हे गृहस्थ कुठून तरी पळून आले आहेत. तिसरी शक्यता धरून मी त्यांच्या मनगटावर हॉस्पिटलचा पट्टा शोधू लागलो.

"मराठी काय?" त्यांनी विचारलं.

"हो. कसं ओळखलंत?"

"चेन लावताना तुम्ही च्यायला म्हटलं."

"आणि आपण कुठे निघालात, काका?"

"बगीच्यात," ते म्हणाले, जणू चुकीचे कपडे मीच घालून आलो होतो.

हा माणूस फिरत्या दारातून बाहेर पडला की झडप घालून धरायचा, असं ठरवून मी मागोमाग गेलो. पण ते दाराकडे वळलेच नाहीत. लॉबीत प्लॅस्टिकच्या ताडाशेजारी एक सोफा आहे, त्यावर ते बसले. बाटली उतरवून बाजूला ठेवली. खिशातून फोन काढून ताडाच्या कुंडीला टेकवला आणि एक बटण दाबलं. थोडा वेळ घंटी वाजली, आणि मग त्या एवढ्याशा काचेतून भसकन ऊन आलं. एका बाईंचा आवाज म्हणाला, "याय भीम, कोंसुएग्रो."

काका उभे राहिले. टोपीला हात लावून म्हणाले, "जयभीम, विहीणबाई." आणि परत बसले.

त्या दिवशी मी दूध आणलं नाही.

ज्ञानदेव तायडे मूळचे अकोल्याचे. इंजिनियर होऊन कॅनडात आले आणि ऑन्टॅरियोतल्या केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात रिटायर होईपर्यंत टिकले. इतकी वर्षं इंग्रजीत काम करूनही त्यांच्या मराठीतलं वऱ्हाड तसूभर हललं नाही. उलट इंग्रजीच थोडी वऱ्हाडी झाली. रिटायर झाल्यावर मंदाकिनीकाकूंच्या हौसेसाठी त्यांनी घर विकलं आणि नॉर्थ यॉर्कच्या आमच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर कॉन्डो घेतला. काकूंना लिफ्ट हवी होती, खाली दुकानं हवी होती, माणसं हवी होती. पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे हे ठरायच्या आत काकू गेल्या. पडदे अजून लागलेले नाहीत. काका म्हणतात, चौदाव्या मजल्यावर कोण पाहते.

एकुलती मुलगी धम्मप्रिया खाणीची इंजिनियर. कंपनीने तिला दोन वर्षांसाठी पेरूतल्या अरेकिपा नावाच्या शहरात पाठवलं. तिथे तिला रोड्रिगो भेटला, आणि दोन वर्षांचा करार संपेपर्यंत लग्न होऊन सुजाताही झाली, मग ती तिथेच राहिली. स्पॅनिश बोलणारे लोक सुजाताचं सुहाता करतात. यावर काकांनी सुरुवातीला फार तात्त्विक विरोध केला. पुढे तेच घाईत सुहाता म्हणून जात आणि मग स्वतःवर रागावत.

सुजाता शाळेतून आली की तिची आजी, म्हणजे रोड्रिगोची आई एल्विराबाई, तिला घराजवळच्या बागेत नेत. धम्मप्रियाने आपला जुना फोन पोरीच्या दप्तरात ठेवला होता, आजोबांसाठी. हिवाळ्यात टोरांटोचं आणि अरेकिपाचं घड्याळ एकच असतं. तिथे चार वाजले की इथे चार वाजतात. फरक एवढाच, की तिथे ऊन असतं. त्या चार वाजता काका बागेत जात.

"मग घरी बसूनच का नाही बघत?" मी एकदा विचारलं.

"भाऊ, घरी बसून माणूस बगीच्यात जाते काय? जावं लागते."

"आणि टोपी?"

"पोरीचा रूल आहे. टोपी नसली त आत घेत नाही. मागच्या हप्त्यात चष्मा विसरलो, परत वर पाठवलं. क्रीम बी दाखवावं लागते लावून."

मी घरून काम करतो, म्हणजे कुठूनही काम करत नाही, त्यामुळे आठवड्यातून एक-दोनदा मीही बागेत जाऊ लागलो. छान बाग होती ती. गर्दी नाही, गोंगाट नाही. आम्हाला दिसे ते फोनच्या चौकटीत मावे तेवढंच: घसरगुंडीचा खालचा अर्धा भाग, त्यातून पोरं आकाशातून पडल्यासारखी येत, एक मोठं झाड, कुंपणापलीकडे पांढऱ्या दगडाची भिंत, आणि सगळ्यांच्या मागे मिस्ती नावाचा ज्वालामुखी, हात बांधून उभ्या असलेल्या वॉचमनसारखा. झाडाखाली एक बाई लाकडी पिंपातून आइस्क्रीम विकत. त्या आइस्क्रीमच्या नावाचा अर्थ गोठवलेलं चीज, आणि आत चीजचा कणही नाही. त्यात नारळ आणि दालचिनी असते, हे काकांनी मला पोरीच्या तोंडाभोवती काय लागलंय ते दाखवून समजावलं. त्यांनी स्वतः ते कधी चाखलं नव्हतं, पण त्याच्या चवीबद्दल त्यांची मतं ठाम होती.

त्यावरूनच विहीणबाईंशी रोजचं भांडण. एल्विराबाई पोरीला दुसरा कप घेऊन देत. काका कुंडीजवळ झुकून म्हणत, "विहीणबाई, काहून देता? खोकला होईन ना तिले." एल्विराबाई स्पॅनिशमध्ये तितकंच लांब उत्तर देत. यांना त्यांचं अक्षर कळत नव्हतं, त्यांना यांचं. पण भांडण अगदी मुद्देसूद चाले. मधेच सुजाता दोघांनाही स्पॅनिशमध्ये गप्प करी आणि तिसरा कप मागे.

एल्विराबाईही एकट्याच होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांची एक वेणी, आणि फोन हातात धरायची पद्धत अशी, की आरशात बघताहेत असं वाटावं. त्यामुळे पहिली काही मिनिटं आम्हाला त्यांच्या नाकपुड्याच दिसत. काकांनी हे त्यांना कधी सांगितलं नाही. विहिणीला असं सांगत नाहीत.

हे नातं काका अतोनात जपत. मला म्हणाले, "इंग्लिशमध्ये या नात्याले वर्डच नाही. चाळीस वर्षं शोधून राह्यलो. डॉटर्स हजबंड्स मदर म्हणा, म्हणजे पत्ता सांगितल्यासारखं होते. यायच्या भाषेत आहे. व्याही कोंसुएग्रो, विहीण कोंसुएग्रा. म्हणजे हे आपल्यासारखे मानपानवाले लोक आहेत."

आणि मानपान म्हणजे मानपान. त्यांनी विहीणबाईंना पार्सलने साडी पाठवली, ब्लाउजपीससकट. एल्विराबाई ती शालीसारखी दुहेरी गुंडाळून बागेत आल्या. आइस्क्रीमवाल्या बाईंनी पदर हातात घेऊन पाहिला, झाडाखालच्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली. काका सोफ्यावर असे बसले होते, जणू मांडवात वरपक्षाने जेवण नावाजलंय. उलट पार्सलने अल्पाकाच्या लोकरीचा मफलर आला. तो ते बाहेर घालत नाहीत. खराब होईल म्हणतात.

यापलीकडे त्यांच्या दिवसात फारसं काही नव्हतं. सकाळी डाळ-भात लावत, तोच रात्री. आंबेडकर जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इथल्या आंबेडकरी असोसिएशनचं कुणी तरी गाडीने न्यायला येई, तेव्हा ते सगळ्यांशी भरभरून बोलत. एरवी चार वाजेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघत नसावा. मला कसं कळलं सांगतो. दुपारी लिफ्टमध्ये भेटले की पहिलं वाक्य बोलायच्या आधी त्यांना घसा खाकरावा लागे.

मग एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते चक्क माझ्या दारात आले. त्यांनी डिसेंबरचं तिकीट काढलं होतं, टोरांटो ते लिमा ते अरेकिपा. गुडघ्यांमुळे आणि एकट्याने जायच्या धास्तीने इतकी वर्षं राहून गेलं होतं.

"भाऊ, त्या बाकाच्या मागे काय आहे हेच मले माहीत नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं जाऊन राह्यलो. फोन त बाकावर असते, पुढचं दिसते. मागे मार्केट आहे का नदी आहे, काही पत्ता नाही."

"विचारायचं ना."

"जाऊनच पाहू म्हटलं. पोरीले मांडीवर घेऊन बसीन त्या बाकावर. विहीणबाईले म्हणीन, द्या एक कप, खाऊन त पाहू."

आइस्क्रीमवाल्या बाईंना काय न्यावं यावर आमची एक स्वतंत्र बैठक झाली. मेपल सिरप, असं ठरलं. झाडाखालच्या म्हाताऱ्यांना चिवडा.

जुलैत धम्मप्रियाचा फोन आला. कंपनीने तिची बदली सडबरीला केली होती. सडबरी म्हणजे खाणींचं गाव, आपल्याच ऑन्टॅरियोत, टोरांटोपासून गाडीने चार तासांवर. शाळा सुरू व्हायच्या आत सगळे येणार होते. तिला वाटलं बाबांना आनंदाने रडू येईल. बाबा म्हणाले, "आन् विहीणबाई?"

"त्या इकडेच राहणार, बाबा. त्यांचं घर आहे, बहीण आहे. सडबरीची थंडी त्यांना झेपणार आहे का?"

"मग बगीचा?"

"बाबा, सडबरीत काय पार्क नाहीत?"

सगळ्यांनी काकांचं अभिनंदन केलं. लॉबीतल्या सिक्युरिटीवाल्याने केलं, असोसिएशनच्या लोकांनी फोनवर केलं, मीही केलं, आणि चांगलं मोठ्याने केलं. ते प्रत्येकाला "हाव, फार चांगलं झालं" म्हणत. डिसेंबरचं तिकीट रद्द केलं. ज्यांना भेटायला जायचं तेच इकडे येत होते. आता अरेकिपाला कुणाकडे जायचं? मुलगी तिथे नसताना विहिणीच्या गावी जाऊन व्याही राहतो, हे अकोल्यात कुणी ऐकलेलं नाही.

बागेतल्या शेवटच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो. सुजाता नेहमीसारखी घसरगुंडीवर. एल्विराबाईंनी त्या दिवशी भांडण काढलं नाही. काकांनीही दुसऱ्या कपाला हरकत घेतली नाही. शेवटी काका म्हणाले, "विहीणबाई, पोरीची काळजी करू नका. मी आहो इथं." त्या "सी, सी" म्हणाल्या आणि मग बराच वेळ काही तरी बोलत राहिल्या. काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मग एल्विराबाईंनी फोन उचलला आणि हळूहळू सगळीकडे फिरवला. बाकाच्या मागे एक सायकलचं दुकान होतं.

ऑगस्टमध्ये मंडळी आली, आमच्या इमारतीत चार दिवस राहिली आणि सडबरीला गेली. सुजाता चार दिवस काकांच्या भोवतीच होती, फक्त तिला ते फोनपेक्षा फार मोठे वाटत होते. मांडीवर बसायला ती लाजली.

सडबरीत शाळेनंतर डेकेअर असतं, मंगळवारी स्विमिंग, गुरुवारी स्केटिंग. काळोख लवकर पडतो. काका बसने एकदा जाऊन आले. घरामागच्या पार्कमध्ये गुडघाभर बर्फ होता आणि बाकाची नुसती पाठ वर दिसत होती. दोघं आजोबा-नात लगेच परत आले. आता रविवारी फोन येतो, गाडीतून, स्केट्स घ्यायला जाता जाता. सुजाता इंग्रजीत बोलायला लागली आहे. "बाबा, आता आपण एकाच देशात आहोत, केव्हाही भेटू," असं धम्मप्रिया मनापासून म्हणते. केव्हाही हा वार आठवड्यात कधी येतो ते काकांना अजून सापडलेलं नाही.

चार वाजता ते खाली येतात. पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून ताडाशेजारी बसतात आणि पार्सल घ्यायला येणाऱ्या लोकांकडे बघतात. मी मधूनमधून जाऊन बसतो. परवा म्हटलं, "काका, विहीणबाईंना फोन लावा ना."

"कायच्यावर लावू? तो फोन त सुजातासंगं आला. लावला त सडबरीत वाजते."

"मग त्यांचा नंबर धम्मप्रियाकडून घ्या."

एक बाई कुत्र्याच्या खाण्याची भली मोठी पेटी ढकलत लिफ्टकडे गेली, काका तिच्याकडे पाहत राहिले.

"व्याह्यानं विहिणीचा नंबर मागावा काय, भाऊ?"

"त्यात काय आहे? ती काही म्हणणार नाही."

"ती नाही म्हणणार. पण मागाचा कसा?" मग घसा खाकरून म्हणाले, "आन् लावला तरी पाहाचं काय? पोरगी त मधात नाही."

धम्मप्रिया सांगते, एल्विराबाई आता बागेत जात नाहीत. त्यांचा नंबर तिच्याकडे आहे. तायडेकाकांनी तो मागितलेला नाही.