वरचं कापड रस्त्यासाठी

कपाटक्का सकाळी बनशंकरीला बसमध्ये चढायची तेव्हा निळी असायची आणि बोम्मसंद्र्याला उतरायची तेव्हा मेंदी रंगाची. मध्ये बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकाचा तो कुप्रसिद्ध ट्रॅफिक. तेवढ्यात बाई निळं जाकीट उलटं करून घालायची, गळ्यातली ओढणी डोक्यावरून घ्यायची, पिशवीतून दुसरंच काही काढून खांद्यावर टाकायची, आणि शेजारी बसलेल्या मला वाटायचं की ही कुणी वेगळीच बाई येऊन बसली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी समजले, ही नाटकात काम करत असणार.

अख्खं कपाट अंगावर घेऊन फिरते म्हणून आम्ही मुलींनी तिचं नाव कपाटअक्का ठेवलं होतं. बोलता बोलता त्याचं कपाटक्का झालं. खरं नाव शैला. निपाणीकडची, चाळिशीला टेकलेली, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात सुपरवायझर. आमच्या घरमालकांनी वरचा मजला नोकरी करणाऱ्या बायकांना दिला होता, तिथे तिची नि माझी खोली एक. तिकडच्या बायका बोलतात तसं ती "मी येतो, मी जेवतो" असं बोलायची. मी नागपूरची, मला हसू आवरायचं नाही. "हस की," ती म्हणायची, "तू काऊन काऊन करतीस तेव्हा मी हसतो काय?"

बंगळूरचा शरद हा काय प्रकार आहे ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे दसरा उलटला तरी ऊन टाळू भाजून काढतं. इथे सकाळी दात वाजतात, दुपारी घाम फुटतो, संध्याकाळी पाऊस येतो, आणि ऑफिसातल्या एसीत बारा महिने पौष. पहिल्याच आठवड्यात मी शिंकून शिंकून बेजार झाले, बाप्पा. नागपूरहून आणलेला एकुलता एक जाडजूड स्वेटर दुपारी काखेत मारून फिरायचं म्हणजे शिक्षा होती.

तेव्हा कपाटक्कानं मला ताब्यात घेतलं. रविवारी पलंगावर माझे सगळे कपडे पसरले आणि शाळाच भरवली. जाड एक घालू नको, पातळ तीन घाल. अंगालगत मऊ सुती, त्यावर कुर्ता, त्यावर बिनबाह्यांचं जाकीट नाहीतर समोरून उघडा स्वेटर. एक रंग बोलका, बाकीच्यांनी गप्प बसायचं. ओढणी नुसती मिरवायची वस्तू नाही, ती पाऊस आला की डोक्यावर, एसीत पाठीवर आणि उन्हात पिशवीत. "आतलं कापड आपल्यासाठी," ती म्हणायची, "मधलं ऑफिससाठी, वरचं रस्त्यासाठी. सरी?" म्हणजे कळलं ना? माझी जुनी ओळखीची कुर्ती तिनं तिच्या विटकरी जाकिटाखाली अशी काही बसवली की ऑफिसात मला नवीन खरेदीबद्दल विचारलं गेलं.

पण तिचे काही नियम मला चमत्कारिक वाटायचे. डोक्यातून घालायचं काही नको म्हणजे नको. मी हौसेनं टोपीवाला स्वेटर आणला, तो तिनं परत करायला लावला. का, तर काढताना स्वल्प वेळ डोळे झाकतात. झाकले तर झाकले, मी म्हटलं, तेवढ्यात कोण पळवून नेतंय? यावर एरवी तिनं काहीतरी टोला दिला असता. ती हसलीसुद्धा नाही.

फोटोतही ती कधी यायची नाही. दिवाळीला आम्ही सगळ्याजणी नटून जिन्यावर उभ्या राहिलो तर ही फोन हातात घेऊन समोर. बसमध्ये खिडकी मिळाली तरी घ्यायची नाही, चार बायकांच्या मध्ये जाऊन बसायची. आम्ही चिडवायचो, अक्का, कुणीतरी आहे वाटतं, चोरून भेटायला जाता. "असू दे की," एवढंच म्हणायची आणि आमच्यातल्या कुणाची तरी ओढणी नीट करायला लागायची.

नोव्हेंबरात एकदा तिला ताप आला. आदल्या संध्याकाळी कामावरून येतानाच कणकण होती, त्यामुळे त्या दिवशी बसमध्ये तिनं काहीच बदललं नव्हतं, मोहरी रंगाचा स्वेटर घालून निघाली ती तशीच घरी पोचली. दुसऱ्या दिवशी ती अंथरुणात, आणि बाहेर सकाळपासून झिमझिम. माझं ऑफिस तिच्या कारखान्यासमोरच. मी कुडकुडत निघालेली पाहून ती पांघरुणातूनच म्हणाली की खुंटीवरचा माझा मोहरी स्वेटर घाल. मी घातला.

संध्याकाळी स्टॉपवर मी बसची वाट बघत उभी होते. मागून कुणीतरी माझं कोपर धरलं आणि अगदी हळू, घरातल्या आवाजात म्हणालं, "शैला, चल आता घरी."

परमुलखात मराठी कानावर आलं की आपण वळतोच. मीही वळले. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, खांद्याला बॅग, बँकेत असतो तसा माणूस. माझा चेहरा बघून तो दचकला, पण त्यानं बाही सोडली नाही.

"मग हा स्वेटर कुणाचा?" त्यानं विचारलं. "काल इथंच बघितला मी."

माझा, असं मी म्हटलं. कसं सुचलं कोण जाणे. त्यानं बाही सोडली आणि हसून, अगदी सभ्यपणे विचारलं, तुम्ही पण मराठी का, कुठं राहता? या शहरात दोन मराठी माणसं भेटली की दुसरं वाक्य हेच असतं. मीच कितीदा, कितीजणांना विचारलंय. त्या दिवशी तो प्रश्न ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात बस आली म्हणून मी वाचले. मी पुढच्या दारानं चढले. तो मागच्या दारानं चढला.

आमच्या बसमध्ये बायका पुढे, पुरुष मागे. म्हणजे त्याला तिथून माझं तोंड दिसणार नव्हतं, दिसणार होता तो फक्त स्वेटर. आणि मी तो स्वेटर घालून सरळ त्याला घेऊन घरी चालले होते, जिथे कपाटक्का तापानं फणफणून झोपली होती. डोक्यातून घालायचं काही नको, डोळे झाकतात, असं ती का म्हणायची हे तेव्हा मला कळलं. कळलं आणि मी दांडा दोन्ही हातांनी धरला.

माझ्यासमोर एक आनेकलची फूलवाली बसली होती, रिकामी टोपली मांडीवर घेऊन. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं कन्नड तेव्हा भाजी घेण्यापुरतं. मी डोळ्यांनीच मागे दाखवलं. तिनं मान वाकडी करून त्याला बघितलं, पुन्हा मला बघितलं आणि काही न विचारता हात पुढे केला. "स्वेटर कोडम्मा," म्हणाली. दे, म्हणत होती.

गर्दीत खाली वाकून मी स्वेटर उतरवला. तिनं तो साडीवर चढवला, टोपली शेजारणीकडे दिली आणि मागे पाठ करून माझ्या जागी दांडा धरून उभी राहिली. मी तिच्या जागेवर ओढणी डोक्यावरून घेऊन मुटकुळं करून बसले. सिल्क बोर्डाला बायकांचा लोंढा उतरला, त्यात मीही उतरले. बस पुढे गेली तेव्हा मागच्या खिडकीत तो दिसला. पुढे बघत होता. त्या बाईचे आभार मानायचेही राहिले.

घरी येऊन मी सगळं सांगितलं तेव्हा कपाटक्का उठून बसली. रडली नाही. हात लावला काय, एवढंच विचारलं, आणि मी कोपर दाखवल्यावर ते बराच वेळ चोळत राहिली, जणू मला लागलं होतं. तो तिचा नवरा. त्याला ती कधीचीच सोडून आलेली, कोर्टात केस चालू, पण त्याला ते मान्य नाही. आधी ती हुबळीला होती, तिथे त्यानं तिला गाठलं होतं. मग काय केलं, ते तिनं सांगितलं नाही. मानेमागचा वण तेवढा दाखवला, जो इतके दिवस ओढणीखाली असायचा.

"तुम्हा पोरींना वाटायचं मी नटतो," ती म्हणाली. "नटायला आवडतंय की मला. पण मी भितो गं. रोज भितो. आणि आज मीच तुला माझ्या जागी उभं केलो."

घरमालक सज्जन. ते तिला घेऊन पोलिसांत गेले, अर्ज दिला. तिथल्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं, त्याचा पत्ता विचारला. पत्ता कुणाकडेच नव्हता. कपाटक्का घरी आली आणि पिशवी भरायला लागली. कुठे जाणार हे तिनं आम्हाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. माहीतच नसेल तर तोंडातून निघणार कसं?

अडचण एकच होती. तिचे कपडे आता त्याच्या ओळखीचे झालेले असणार. किती पाहिले, कोणते पाहिले, कळायला मार्ग नव्हता. मग आम्ही सगळ्याजणींनी आपापलं एकेक आणून तिच्या पलंगावर टाकलं. माझा नागपूरचा जाडजूड स्वेटर, कुणाचा ऑफिसचा कुर्ता, कुणाची सलवार, मालकीणबाईंची जरीकाठाची शाल. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एरवी तिनं आमची सालटीच काढली असती. त्या सकाळी तिनं ते निमूटपणे अंगावर चढवलं, आणि जाताना मात्र राहवलं नाही, माझी कॉलर सरळ केली. आम्ही फाटकापर्यंतसुद्धा गेलो नाही. तिनंच नको म्हटलं होतं.

त्यानंतर तिचा फोन लागला नाही. तो मात्र मला दिसत राहिला. स्टॉपच्या पलीकडे चहाची टपरी आहे, तिथे तो उभा असायचा, तोच इस्त्रीचा शर्ट, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या पाठींकडे बघत. मी पोलिसांना दोनदा कळवलं. ते आले की हा आपला चहा पिणारा माणूस. चहा पिणाऱ्याला काय करणार? मी जीव मुठीत धरून रोज तिथे उतरायची, रोज रस्ता ओलांडायची. तो दिसला की हातपाय गार पडायचे आणि पाठोपाठ हायसंही वाटायचं. अजून शोधतोय, म्हणजे अजून सापडलेली नाही.

या दिवाळीनंतर तो दिसेनासा झाला. मैत्रिणी म्हणतात, सुटलीस एकदाची, कंटाळून गेला असेल गावाला. मीही हो म्हणते. पण बसमधून उतरले की माझी नजर आधी त्या टपरीवर जाते, आणि मी मनातल्या मनात म्हणते, देवा, तो तिथे उभा असू दे.